गंधक किती, एवढेच नव्हे, कोणत्या संयुगात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोद्यात रसायनशास्त्र शिकलेली बरीच मुले पुढे जवळच्या कोयली तेलशुद्धी कारखान्याच्या आणि नंदेसरी औद्योगिक वसाहतीच्या प्रयोगशाळांत कामाला लागतात. गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातील घटक वायुरूपात लांब नळीतून नेऊन वेगळे करण्याच्या तंत्रावर, त्यांचा हात बसलेला असतो. परंतु बाहेर पडणारे घटक टिपणारा डिटेक्टर म्हटले की बहुतेकांना एफआयडी (ज्योतीत तयार होणारे आयन मोजणारा) आणि मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणारा) हे दोनच आठवतात. प्लाझ्मातील (अतितप्त, आयनीभूत वायूतील) प्रकाशावरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या अणू-उत्सर्जन डिटेक्टरचे तत्त्वही त्यांना कोणी नीट समजावून दिलेले नसते. जिथे 1965 पासून तेलशुद्धी चालते, तिथे ही उणीव राहू नये असे मला मनापासून वाटते.

1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 या वाहन-प्रदूषणाच्या मानकानुसार डिझेलमधील गंधक 10 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 10 भाग) वर जाता कामा नये. बीएस-4 मध्ये हीच मर्यादा 50 होती. एकूण गंधक मोजणे फारसे अवघड नाही, पण डिझेलमधील गंधक काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजनच्या प्रक्रियेला दाद न देणारा गंधक नेमका कोणता, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. गंधकाच्या संयुगांपैकी थायोफीनमधला गंधक सहज निघतो, डायबेंझोथायोफीनला जास्त कष्ट पडतात, आणि 4,6-डायमिथाइल डायबेंझोथायोफीन तर शेवटपर्यंत चिवटपणे टिकून राहते, कारण त्याचे दोन मिथाइल गट गंधकाच्या अणूला दोन्ही बाजूंनी झाकून टाकतात आणि उत्प्रेरकाला तो गाठता येत नाही.

हे शोधायला अणू-उत्सर्जन डिटेक्टर उपयोगी पडतो. क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून (नळीतून) बाहेर पडलेले संयुग मायक्रोवेव्हवर चालणाऱ्या हेलियमच्या प्लाझ्मात शिरले की त्याचे अणू सुटे होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देते: गंधक 181 नॅनोमीटरजवळ, कार्बन 193 जवळ, क्लोरीन 479 जवळ. डिझेलच्या नमुन्यात कार्बनच्या आलेखावर शिखरांची (एक शिखर म्हणजे साधारणपणे एक संयुग) इतकी दाटी होते की एकातून दुसरे वेगळे काढता येत नाही. गंधकाच्या आलेखावर मात्र तळरेषा जवळजवळ सपाट राहते आणि गंधकाच्या संयुगांचीच शिखरे उठून दिसतात. ज्वालेतील प्रकाश मोजणाऱ्या एफपीडी या डिटेक्टरमध्ये हायड्रोकार्बन सोबत आले की गंधकाचा प्रकाश मंदावतो. तो त्रास येथे पुष्कळच कमी. शिवाय प्रतिसाद मुख्यतः अणूंच्या संख्येवर ठरत असल्याने एका संयुगावरून केलेले अंशांकन (ज्ञात नमुन्यावरून उपकरणाचे माप ठरवणे) दुसऱ्यालाही बऱ्याच अंशी लागू पडते. ज्या संयुगांचे शुद्ध नमुने बाजारात मिळतच नाहीत, त्यांच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे.

संशोधक बीनाकर यांनी 1976 मध्ये वातावरणाच्या दाबावर हेलियमचा प्लाझ्मा टिकवून दाखवला आणि 1989 मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने हे उपकरण बाजारात आणले. ते महाग आहे, हेलियम आपल्याला आयात करावा लागतो आणि रेणूची रचना उलगडायला मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो, हे मला मान्य आहे. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने ते विकत घ्यावे, अशी माझी मागणी नाही. एकाच डिझेलचे कार्बनचे आणि गंधकाचे आलेख शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावेत, त्यावर प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रश्न असावा आणि असे आलेख मिळवण्यासाठी विभागप्रमुखांनी उद्योगांच्या प्रयोगशाळांना पत्र लिहावे, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त रसायन विश्लेषक, बडोदे