बाबांच्या हाताचं रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंना

ताई,

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण वाचलंत तर लगेच ओळखाल, कारण मनगटाला पट्टा बांधताना "काका, घट्ट होतोय का, खरं सांगा हं" असं चारचारदा विचारणारं दुसरं कोणी आम्हाला तरी भेटलं नाही. त्या दिवशी घाईघाईत थँक्यू म्हणून निघालो आणि नीट बोलायचं राहूनच गेलं, ते मनात टोचत होतं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे ज्यांच्या घरात कोणाचा हात असा थरथरतो त्यांच्याही कानावर जाईल.

बाबा 74 वर्षांचे. उजवा हात थरथरायला लागून दोन वर्षं तरी झाली होती. एका डॉक्टरांनी वय झालंय म्हणून विषय संपवला. दुसऱ्यांनी हात पुढे करायला लावला, दोन-तीन सेकंद बघितलं, हात अगदी स्थिर. आम्ही म्हटलं अहो पण पेपर धरला की थरथरतो, तर मग त्यांनी काहीतरी धरल्यावर येणाऱ्या थरथरीच्या, म्हणजे इसेन्शियल ट्रेमरच्या गोळ्या दिल्या, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. सगळ्यात वाईट वाटायचं ते हे की दवाखान्यात हात शहाण्यासारखा गप्प बसायचा आणि घरी आलो की पुन्हा सुरू, त्यामुळे बाबांनाच वाटायला लागलं होतं की आपण उगाच बाऊ करतोय. बोलायचेच बंद झाले होते त्याबद्दल. हात खिशात घालून बसायचे.

मग नवीन न्यूरॉलॉजिस्टनी तुमच्याकडे पाठवलं. दोन्ही मनगटांना काड्यापेटीएवढे सेन्सर. मी विचारलं यात नक्की काय असतं, तर तुम्ही टाळलं नाहीत, बसून सांगितलंत. एक भाग हाताचा वेग किती झटक्याने बदलतो ते मोजतो, तो ॲक्सेलरोमीटर, पण त्याला पृथ्वीचं ओढणंसुद्धा जाणवतं त्यामुळे हात नुसता कलला तरी त्याच्या रेघेत फरक पडतो, म्हणून सोबत जायरोस्कोप, तो हात किती जोरात फिरतोय तेवढंच बघतो. दोन्ही मिळून सेकंदाला 100 वेळा नोंद. आपण मुद्दाम हात हलवतो ते बहुतेक सेकंदाला एक-दोन हेलकाव्यांचं काम असतं, कंपवातातली, म्हणजे पार्किन्सनमधली, थरथर सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा, म्हणून गणिताने दोन्ही वेगळं काढता येतं. इतकं सोपं करून आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं हो.

पहिल्यांदा हात मांडीवर सैल सोडायला सांगितलंत. काहीच नाही. बाबा माझ्याकडे बघायला लागले, बघ, पुन्हा तेच. तुम्ही म्हणालात काका आता 100 मधून 7 वजा करत जा, मोठ्याने. बाबांनी आयुष्यभर हिशोब सांभाळलेले, लगेच ताठ बसले आणि सुरू, 93, 86, 79, आणि 72 म्हणेपर्यंत अंगठा आणि तर्जनी हलायला लागली, गोळी वळतात तशी. ते पार 2 पर्यंत उतरले, एक चूक नाही, आणि हात तेवढा वेळ थरथरत होता. मन दुसरीकडे गुंतलं की ही थरथर बाहेर येते असं तुम्ही नंतर सांगितलंत. इतके दिवस दवाखान्यात बाबा सगळं लक्ष लावून हात धरून ठेवत होते, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

पण मला आयुष्यभर लक्षात राहील तो पुढचा भाग. हात समोर धरायला सांगितलेत आणि म्हणालात, मी सांगेपर्यंत खाली आणायचे नाहीत. स्क्रीनवर रेघ सरळ. दोन सेकंद, तीन सेकंद, सरळच. मागच्या डॉक्टरांनी इथेच "ठीक आहे" म्हटलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसत्या थांबलात. आणि आठ-नऊ सेकंद झाले असतील, उजव्या हाताची रेघ आधी बारीक दातेरी झाली, मग दात वाढत गेले आणि मग एकसारखा ताल धरून चालू झाली. माझ्या तोंडून निघालं, अहो पेपरचं असंच होतं! बाबा पेपर उघडतात तेव्हा आवाज नसतो, थोड्या वेळाने कडा फडफडायला लागते, आम्हाला आतल्या खोलीत ऐकू येतं आणि आईला कळतं की आता सुरू झालं. दोन वर्षं आम्ही हे ऐकत होतो आणि त्या मधल्या गप्प सेकंदांना काही अर्थ असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही सांगितलंत की इसेन्शियल ट्रेमरमध्ये सहसा हात पुढे केला की लगेच थरथर येते, आणि बाबांची थरथर आधी दबते मग परत डोकं वर काढते, शिवाय मांडीवर असताना आणि समोर धरल्यावर ताल एकच, सेकंदाला 5 च्या आसपास. म्हणजे बसल्या जागची थरथरच हात उचलल्यावर पुन्हा येतेय. पण त्याच दमात हेही बजावलंत की नुसत्या आकड्यावरून आजाराचं नाव ठेवायचं नाही, दोन्ही प्रकारांचे आकडे एकमेकांत मिसळतात, डॉक्टर हाताचा कडकपणा, हालचाली मंद झाल्यात का, चालणं हे सगळं तपासूनच सांगतील. आणि ग्राफ दाखवलात तो आधी बाबांना, नंतर मला. ताई, ही केवढी मोठी गोष्ट केलीत तुम्ही. तोपर्यंत सगळे माझ्याशी बोलायचे, जणू बाबा तिथे नाहीतच. बाबांनी त्या दातेरी रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे मी सांगत होतो ते होतं." घरी जाताना हात खिशात नव्हता.

डॉक्टरांनी तपासून कंपवातच आहे असं सांगितलं. ऐकायला सोपं नव्हतं, आई दोन दिवस गप्प होती. पण औषध बदललं आणि फरक पडला.

चार-पाच महिन्यांनी आम्ही परत आलो ते भांडत. मी म्हणतेय दिवसभर थरथरतो, बाबा म्हणतायत बरं आहे. डॉक्टर तरी काय करणार, त्यांच्याकडे थरथर मोजायची ती 0 ते 4 ची मोजपट्टी, 1 सेंटिमीटरपर्यंत हलला तर 1, 3 पर्यंत 2, 10 पर्यंत 3, पण ती त्या पाच मिनिटांची, आणि ती पाच मिनिटं गोळीनंतर अर्ध्या तासाची आहेत की पाच तासांची त्यावर सगळं अवलंबून. तेव्हा तुम्ही आठवडाभर घरी घालायला सेन्सर दिलेत. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, पट्टा घट्ट केला तर वळ उठतो आणि सैल ठेवला तर सेन्सर स्वतःच खुळखुळतो आणि ते सगळं हाताच्या नावावर चढतं. तुम्ही मऊ सुती पट्टी आधी गुंडाळलीत, वरून पट्टा, आणि आईच्या हातून तीनदा बांधून घेतलंत. कुठल्याही माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसणार.

आणि तो फोन! आठवडा संपल्यावर तुम्ही फोन करून विचारलंत, काका रोज सकाळी सव्वासातच्या सुमाराला काय करतात, तिथे दोन-तीन मिनिटं जोरदार थरथर दिसतेय, अगदी एकसारखी, सातही दिवस. आई म्हणाली, अहो दात घासतात. घासायचा तालही सेकंदाला चार-पाचच्या घरात जातो, मशीनला काय कळणार. तो सगळा तुकडा तुम्ही बाजूला काढलात. विचारलं नसतंत तर रोज सकाळी थरथर वाढते असं कागदावर आलं असतं आणि त्यावर गोळी वाढली असती कदाचित. मला अजून त्या फोनचं कौतुक वाटतं, कारण तुमच्याकडे आकडे होते, तरी माणसाला विचारावंसं वाटलं.

उरलेल्या ग्राफमध्ये मी आणि बाबा दोघंही बरोबर निघालो. गोळीनंतर दोन-अडीच तास खरंच शांत, त्या वेळात बाबा फिरून येतात, मित्रांशी बोलतात, म्हणून त्यांना बरं वाटतं. आणि पुढच्या गोळीच्या आधीचा तास-सव्वातास वाईट, दुपारी सगळ्यात जास्त, आणि मी नेमकी त्याच वेळी घरी असते. रात्री झोपेत रेघ सपाट. ते बघून आईचा जीव भांड्यात पडला, तिला वाटायचं रात्रभर हाताला विश्रांतीच नाही. डॉक्टरांनी दुपारची गोळी अलीकडे आणली आणि दिवसाच्या वेळा पुन्हा बसवून दिल्या. थरथर गेलेली नाही, जाणारही नाही हे आम्हाला आता माहितीये, पण दुपारचा तो तास आता बऱ्यापैकी आटोक्यात आहे आणि बाबा शर्टाची बटणं त्या वेळातसुद्धा स्वतः लावतात, वरचं एक सोडून.

तुमचं काम बघणाऱ्याला वाटेल पट्टा बांधला, बटण दाबलं, झालं. तुम्ही थांबलात म्हणून ती थरथर दिसली, ताई. आणि ज्याचा हात त्यालाच आधी दाखवलंत. याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही, मनापासून थँक्यू एवढंच म्हणते, आईकडूनही. बाबा आता गोळीच्या वेळा आणि हात कधी सुरू झाला ते स्वतः वहीत लिहून ठेवतात, अक्षर बारीक झालंय पण वाचता येतं, पुढच्या वेळी वही आणणार आहेत तुम्हाला दाखवायला.

आणि हो, ती सुती पट्टी आमच्याकडेच राहिलीय. आईने धुऊन घडी करून फाईलमध्ये ठेवलीय. येताना आणतो.