बेस कॅम्पच्या किचन तंबूतल्या दाईंना

दाई, सप्रेम नमस्कार.

नेपाळी आणि मराठीची लिपी एकच, म्हणून हे पत्र मराठीतच लिहितोय. तुम्ही अक्षरं लावत वाचाल, आणि अडलं तर फोन आहेच. नाव मुद्दाम घालत नाही. तिथे तुम्हाला सगळे दाईच म्हणायचे, नेपाळीत थोरला भाऊ.

एव्हरेस्टहून आल्यापासून जो भेटतो तो शिखराबद्दल विचारतो. शिखरावर मी जेमतेम वीस मिनिटं होतो. बेस कॅम्पवर चाळीस दिवस काढले, आणि त्यातले निम्मे नुसते बसून. ते बसणं मला तुम्ही शिकवलंत.

आमच्या सह्याद्रीत विश्रांती म्हणजे सावलीत दहा मिनिटं टेकणं. कळसूबाई १६४६ मीटर, सकाळी चढून संध्याकाळी घरी येता येतं. तुमचं किचन होतं ५३६४ मीटरवर, सरकत्या हिमनदीच्या पाठीवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. तिथे माणूस झोपून राहिला तरी शरीर राबतच असतं. रक्त दाट होतं, भूक मरते, रात्री झोपेत श्वास मधेच थांबतो आणि दचकून जाग येते. हे सगळं वाचून आलो होतो, तरी दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या टेकाडावर चढायला निघालो. तुम्ही हातात हॉट लेमनचा मग दिलात आणि म्हणालात, "बिस्तारै, भाइ. बस." सावकाश, धाकट्या, बस.

पहिल्या रोटेशनला, म्हणजे शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून वर जाऊन परत येण्याच्या फेरीत, आम्ही कॅम्प तीनला, ७२०० मीटरच्या आसपास, हात लावून परतलो तेव्हा मला खोकला लागला होता. त्या कोरड्या, गार हवेत तो पुष्कळांना लागतो. बरगड्या दुखेपर्यंत खोकायचं. ऑक्सिमीटरवर आकडा ऐंशीच्या जवळपास होता, म्हणजे तिथल्या मानाने ठीक. मेस तंबूत रोज हवामानाचा अंदाज उघडायचा आणि बेत आखायचा. मे महिन्याच्या मध्यावर जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वेगवान वारा, उत्तरेला सरकतो आणि शिखरावरचा वारा काही दिवस पडतो, त्याचीच सगळे वाट पाहत होते. शिखराची पहाट धरून उलटं मोजायचं: आदल्या दिवशी साउथ कोलचा शेवटचा कॅम्प, त्याआधी कॅम्प तीन, त्याआधी कॅम्प दोन आणि तिथे एक दिवस मुक्काम. ऑक्सिजनच्या बाटल्या, दोर, माणसं, सगळं त्या उलट्या मोजणीत बसवायचं. वारा पडण्याची पहिली संधी जवळ आली होती. दोन दिवसांत निघणाऱ्यांत मी हट्टाने माझं नाव घातलं.

पण तुम्ही ताटं बघत होतात. कुणाच्या ताटात किती भात उरतो, सूप कोण नुसतं ढवळतो, दुसऱ्यांदा दाल कोण मागत नाही, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं. चार दिवस माझं अर्धं ताट परत येत होतं आणि हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. तुम्ही शेर्पांच्या म्होरक्याला, सरदारांना, बाजूला घेऊन सांगितलंत. मी चिडलो, एक जेवण तुमच्याशी बोललो नाही. दाई, त्या जेवणाबद्दल आजही वाईट वाटतं.

मला खाली डिंगबोचेला, ४४१० मीटरवर, चार रात्री धाडलं. दगडी कुंपणांच्या बटाट्याच्या शेतांमधून हिंडलो. तिसऱ्या रात्री सलग झोप लागली, आणि सकाळी उठलो तो भूक घेऊनच. तुमचं म्हणणं तेव्हा पटलं. दमलेलं शरीर बेस कॅम्पवर फार तर आहे तिथे टिकतं. भरून यायला जाड हवाच लागते.

परत आलो त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या पिशवीतलं मेतकूट मागून घेतलंत. त्या उंचीवर पाणी ब्याऐंशी-त्र्याऐंशी अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय तांदूळ शिजतच नाही. तुम्ही जास्तीच्या शिट्ट्या काढून भात अगदी गुरगुट्या केलात, वर तूप आणि मेतकूट घातलंत. घरी आजारपणात आई द्यायची तसाच. मी ताट चाटून पुसून परत दिलं. तुम्ही ते कंदिलाजवळ नेऊन पाहिलंत आणि सरदारांकडे बघून मान हलवलीत.

तीन रात्रींनी आम्ही निघालो. पहाटेचे दोन वाजले होते. पूजेच्या चौथऱ्यावर धुपीची, त्या सुवासिक झुडपाची, हिरवी डहाळी तुम्हीच पेटवली होती. समोर खुंबू आइसफॉलमध्ये, हिमनदीच्या त्या फुटक्या बर्फाच्या उतारावर, बॅटऱ्यांची रांग वर सरकत होती. तुम्ही माझ्या बाटलीत गरम पाणी भरलंत, झाकण स्वतः आवळलंत आणि विचारलंत, "खानुभयो?" जेवलात का? मी हो म्हणालो. ते खरं होतं.

पुढच्या मोसमात ओळखीची एक तुकडी वर येतेय. त्यांच्याबरोबर मेतकुटाचा मोठा डबा पाठवतोय, आईने घरी दळलेलं. त्यांच्यातही कुणाचं तरी ताट अर्धं परत येईल. त्याला माझ्यासारखाच भात करून घाला. तूप थोडं जास्त.

तुमचा,
भाइ