पूल एक, वाट पाच मैलांची: ब्रिटनच्या पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार विभाग, लंडन

स. न. वि. वि.

हेच म्हणणं मी आपल्या कार्यालयाला इंग्रजीत कळवलं आहे. इथे मराठीत लिहिते, कारण दक्षिण इंग्लंडच्या पायवाटांवर सुट्टीच्या दिवशी आता मराठी कानावर पडतं, आणि वाट अडली तर तक्रार करण्याचा हक्क आपल्यालाही आहे हे आमच्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं.

विषय एका लाकडी पुलाचा आहे. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, कोणा एकाला बोल लावायचा नाही म्हणून. पाचेक मैलांची गोल वाट. गावच्या चर्चपासून निघायचं, ओकच्या रानातून उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि शेताशेतांतून पुन्हा चर्चपाशी यायचं. गेल्या मे महिन्यात माझी आई साताऱ्याहून आली होती, वय वर्षं 71. रानात ब्लूबेल फुलले होते, ते दाखवायला तिला घेऊन गेले. तीन मैल छान चाललो. ओढ्यापाशी पोचलो तर पुलाला लोखंडी जाळी लावलेली, आणि जाळीवर प्लास्टिकच्या पिशवीतला कागद: पूल धोकादायक, वाट तात्पुरती बंद. कागदावरची शाई उन्हानं उडाली होती, इतका तो जुना.

मागे फिरावं तर तीन मैलांचा चढ. म्हणून शेजारच्या रस्त्यानं निघालो. अशा गावाकडच्या रस्त्यांवर ताशी 60 मैलांची मुभा असते. दोन्ही बाजूंना झुडपांचं उंच कुंपण, चालायला कडेला वीतभरही जागा नाही. गाडीचा आवाज आला की आईला धरून काट्यांत शिरायचं, गाडी गेली की पुन्हा चालायचं. तिची शाल फाटली. वाटेत ती काही बोलली नाही. घरी चहा पिताना एवढंच म्हणाली, "पुढं वाट नाही, हे चर्चपाशीच लिहून ठेवायला काय हरकत होती गं?"

मंत्रिमहोदय, माझी पहिली मागणी आईची आहे. बंदची सूचना पुलावर असतेच, ती फेरी जिथून सुरू होते तिथेही हवी. गाडीतळावर, रेल्वे स्टेशनवर, गावच्या फलकावर.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, दप्तरी प्रत्येक पायवाटेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि दुरुस्तीचा विचारही क्रमांकागणिक होतो. त्या हिशेबात बंद पडला तो दहा पावलांचा पूल. चालणाऱ्याच्या हिशेबात पाचही मैल गेले. सरळ वाटेवरून माणूस निम्म्यातून परतू शकतो, गोल वाट मधे तुटली की ती वाटच राहत नाही. आणि जिच्या घरी गाडी नाही, जिला सकाळी ज्या स्टेशनवर उतरले तिथूनच संध्याकाळची गाडी धरायची आहे, तिला गोल वाटच परवडते. दुरुस्तीचे पैसे अपुरे आहेत हे मी समजू शकते. पण जे आहेत ते खर्चताना, कोणता दुवा तुटल्यानं किती मोठी फेरी बंद पडते हे आधी पाहा, असं आपण कौन्सिलांना सांगू शकता.

पायवाट तात्पुरती बंद करण्याच्या आदेशाची मुदत सहा महिन्यांची असते. पुढे वाढवायची तर परिवहन मंत्र्यांची संमती लागते. म्हणजे 'तात्पुरती' वाट वर्षानुवर्षं बंद राहते तेव्हा त्या कागदावर आपल्याच सरकारची मोहोर असते. आपल्या सहकाऱ्यांशी बोला. मुदतवाढ मागणाऱ्याला खर्चाचा अंदाज आणि काम पुरं होण्याची तारीख विचारल्याशिवाय ती देऊ नये.

या वाटांबद्दल इतक्या पोटतिडकीनं का लिहिते, तेही सांगते. ब्रायटनच्या उत्तरेला हॅसॉक्स स्टेशनवर उतरून आम्ही एक फेरी वर्षातून दोनदा तरी करतो. क्लेटन गावातून चढ चढला की जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या लागतात. त्यातली पांढरी जिल आधी ब्रायटनमध्ये होती. 1852 साली बैलांच्या जोड्यांनी ओढून तिला या टेकडीवर आणलं. मी शेतकऱ्याची मुलगी, त्या चढावर बैलांचं काय झालं असेल हे दर वेळी मनात येतं. तिथून दक्षिणेला मेंढ्यांच्या कुरणांमधून उतरलं की उघड्या माळावर संगमरवरी छत्री दिसते. पहिल्या महायुद्धात जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या इस्पितळांत होते. त्यांतल्या 53 हिंदू आणि शीख जवानांना या माळावर अग्नी दिला गेला. चितांच्या जागी ही छत्री उभी राहिली, 1 फेब्रुवारी 1921 रोजी तिचं अनावरण झालं. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पीचा. छत्रीपर्यंत मोटारीचा रस्ता नाही, पायीच जावं लागतं. आई तिथे चप्पल काढून उभी राहिली होती. परतताना आम्ही डिचलिंग बीकन या टेकडीवरून उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा हॅसॉक्सला. त्या फेरीतलं एक फाटक उद्या कुलूपबंद झालं तर ही भेट आमच्यासारख्यांना अवघड होईल.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. तिकडे गाव नकाशावर पायवाट तुटक रेघेनं दाखवतात, आणि ती नांगरली गेली की माणसं तहसील कचेरीत खेटे घालतात. आमच्याकडचा शब्द आहे वहिवाट. पिढ्यान्‌पिढ्या लोक जिथून जात आले ती वाट. आपल्या 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टमध्ये 20 वर्षं लोक बिनहरकत, हक्कानं चालले तर ती वाट सार्वजनिक धरली जाते, हे वाचलं तेव्हा मला वहिवाटच आठवली. पण 1949 च्या कायद्यानं अधिकृत नकाशे करायला घेतले तेव्हा कितीतरी वाटा त्यांवर यायच्या राहिल्या. रॅम्बलर्स या पायी भटकणाऱ्यांच्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी जुने नकाशे पडताळून 2020 मध्ये सांगितलं की इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा 49,000 मैलांहून जास्त वाटा नोंदीबाहेर असाव्यात. 2000 सालच्या कायद्यानं या नोंदींसाठी आधी 2026 ची मुदत घातली, मग ती 2031 वर गेली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं ती रद्दच करू असं जाहीर केलं. तो शब्द कायद्यात उतरून पक्का झाला पाहिजे, आणि आलेले अर्ज निकाली काढायला कौन्सिलांकडे माणसंही पाहिजेत. माझ्या वडिलांचा बांधाचा दावा अकरा वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा ते नव्हते.

शेतकऱ्यांविरुद्ध मी नाही. उभ्या पिकातून लोक चालतात तेव्हा त्याच्या जिवाला काय होतं हे मला माहीत आहे. कुत्रं मोकळं सोडून वासरांजवळ जाणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पण शेतामधून जाणारी वाट नांगरली तर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, पायवाट असेल तर निदान एक मीटर रुंद, हा कायदा आहे, आणि बहुतेक शेतकरी तो पाळतात. जे पाळत नाहीत त्यांना निदान पत्र तरी गेलं पाहिजे.

आणखी एक. कुंपण ओलांडायच्या त्या लाकडी पायऱ्या, ज्यांना इथे स्टाइल म्हणतात, त्या आमच्या आया-सासवांना जमत नाहीत. साडी सावरत, गुडघा धरत, दोघींनी दोन बाजूंनी आधार दिला तर एखादी पार होते, पाच मैलांत अशा बारा असतात. ज्या मोडतील त्यांच्या जागी साधं झुलतं फाटक बसवा. गुरं अडतात आणि म्हातारी माणसं जातात.

त्या पुलाच्या बंदीची आताची मुदत मार्चअखेर संपते. आई मे महिन्यात पुन्हा येणार आहे. मुदतवाढीचा अर्ज आला तर पूल कधी होणार हे विचारलं जावं, आणि तारीख मिळाली की ती चर्चपाशी लावावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
ससेक्समध्ये राहणारी एक मराठी बाई