अंबड रोडचा प्लॉट आणि बाबूचं क्रिकेट

एडिंबरो, स्कॉटलंड

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभूच्या नावात सलाम.

अंबड रोडच्या प्लॉटला गिऱ्हाईक बघणं सुरू आहे आणि त्या पैशातून बाबूला पुण्याच्या क्रिकेट अकॅडमीत ठेवायचं ठरतंय, असं आई फोनवर म्हणाली. फोनवर बोलायला घेतलं की माझी ड्युटीची वेळ होते, म्हणून सगळं लिहूनच कळवते. पप्पा, बाबूनं खेळू नये असं मला मुळीच वाटत नाही. पोरगा जीव तोडून बॉलिंग करतो. मला भीती आहे ती वेगळीच. घराचे दिवस तूच पालटवणार, असं आपण त्याला न बोलता रोज सांगतोय, आणि ते ओझं त्याच्या वयाला पेलणारं नाही.

आयपीएलचे १० संघ, एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे परदेशी धरूनसुद्धा २५० जागा. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली, हे आपल्या गल्लीतलं लहान पोरही सांगेल. त्याच लिलावात ज्यांना कुणीच घेतलं नाही, त्यांची नावं कुणी सांगतं का? जालन्यातून कुणी वर जात नाही, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार विजय झोल आपल्याच गावचा होता.

बाबूनं बॅटवर मार्करनं बायबलमधलं वचन ‘फिलिप्पै ४:१३’ लिहिलंय, त्याचा फोटो त्यानं मला पाठवला होता. मला खूप आनंद झाला. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू स्टीफन करीसुद्धा याच वचनातले शब्द बुटांवर लिहितो. जो मला बळ देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, एवढंच वाचलं तर ते विकेट मिळवून देणारं वचन वाटतं. पण पप्पा, संध्याकाळच्या प्रार्थनेला तुम्ही बाबूकडून त्याच्या आधीच्या दोन ओळीही वाचून घ्या. प्रेषित पौल तुरुंगातून हे पत्र लिहितोय. पोट भरलेलं असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं, दोन्ही मी शिकलोय, असं तो म्हणतो, आणि मग हे वचन येतं. ते जिंकण्याबद्दल नाहीच. चांगले-वाईट दोन्ही दिवस ख्रिस्ताच्या बळावर निभावण्याबद्दल आहे.

त्यातही मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘शिकलो’ हे. उपाशी राहायला शिकावं लागतं, हे मराठवाड्यात कुणी समजावून द्यायची गरज नाही, दुष्काळात आपण सगळेच शिकलो. पण भरलेल्या हातानं राहणंसुद्धा शिकावं लागतं, हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही. एका वर्षी लाखोंची बोली लागलेला मुलगा पुढच्या वर्षी गुडघा दुखावून घरी बसतो, तेव्हा बँकेतले पैसे त्याला सावरत नाहीत. समाधान पैशाच्या आधी शिकलेलं असेल तरच तो तगतो. पैसा आल्यावर समाधान येईल, या आशेवर बाबूला पुण्याला पाठवलं तर त्याला ते पुण्यात मिळणार नाही, आणि मुंबईतही नाही.

काका म्हणतात, समाधानी पोरगा पुढं कसा जाणार? म्हणून स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांच्याबद्दल लिहिते. इथं मॉर्निंगसाइडला एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांच्या नावानं समाजकेंद्र आहे. ज्या देशाच्या मिशनशी जालन्याजवळच्या आपल्या बेथेलच्या रेव्ह. नारायण शेषाद्रींचं नातं होतं, त्याच देशाचे हे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली, म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली. मग ४०० मीटर ४७.६ सेकंदांत धावून सुवर्णपदक घेतलं, २०० मीटरमध्ये कांस्य. ढिला माणूस असं धावतो का? पदकापायी जगणं अडलेलं नव्हतं, म्हणूनच ते मोकळेपणानं धावले असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी ते चीनला मिशनरी म्हणून गेले, तिथं शिक्षक झाले, आणि १९४५ मध्ये जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारले, वयाच्या ४३ व्या वर्षी. बाबूचे सामने रविवारी येतात आणि उपासना बुडते, असं आई काळजीनं म्हणते. आई, याच लिडेल यांनी छावणीतली मुलं खेळताना भांडू लागली तेव्हा रविवारीही रेफ्री होणं पत्करलं. त्यामुळे बाबूशी भांडू नकोस, शांतपणे बोल.

बाबूला इंग्लंडचे जुने क्रिकेटपटू सी. टी. स्टड यांची गोष्टही सांगा, क्रिकेटची आहे म्हणून त्याला आवडेल. १८८२ च्या ज्या ओव्हल कसोटीतून इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या ॲशेसची गोष्ट सुरू झाली, तिच्यात इंग्लंडला ८५ धावा हव्या होत्या. संघ ७७ वर आटोपला आणि स्टड एकही चेंडू न खेळता नाबाद राहिले. तीन वर्षांत ते चीनला मिशनरी म्हणून गेले आणि वडिलांकडून वारशानं आलेले सुमारे २९,००० पौंड त्यांनी देऊन टाकले. ते श्रीमंताघरचे होते, त्यांची आणि आपली बरोबरी नाही. पण टेनिस बॉलच्या स्पर्धेतल्या बक्षिसाचा वाटा मिळाला तेव्हा बाबूनं आधी देवासाठी दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, काढून ठेवला, हे आईनं सांगितलं तेव्हा मला तेच मन दिसलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. समाधानाचा उपदेश करून खेळाडूची मजुरी बुडवणं मला मान्य नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हेही शास्त्रातच आहे. खो-खो, कबड्डी खेळणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना प्रवासखर्चासाठी हात पसरावे लागतात, तेव्हा ‘समाधानी राहा’ म्हणणं पाप आहे. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेंना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींना बूट आणि पोटभर जेवण मिळणं हा त्यांचा हक्क आहे, कुणाची दया नाही. समाधान माणसानं स्वतःसाठी शिकावं, दुसऱ्याच्या रिकाम्या ताटावर ते वाढू नये.

तर पप्पा, माझी विनंती अशी. प्लॉट विकू नका आणि त्यावर कर्जही काढू नका. बाबूची बारावी जालन्यातच होऊ द्या. कोचिंगची फी आणि मैदानाचा खर्च मी दर महिन्याला पाठवीन. महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाच्या निवड चाचण्यांना तो जाऊ दे. निवड झाली तर पुण्याचं तेव्हा बघू, सगळे मिळून. आणि हे त्याला तुम्हीच सांगा, मी फोनवर सांगितलं तर ताईनं अडवलं असं त्याला वाटेल. निवड झाली नाही तरी घरात कुणी तोंड पाडणार नाही, हेही तुमच्याच तोंडून त्याला ऐकू दे.

त्याच्या बॉलिंगच्या बुटांचा नंबर कळवा. इथल्या मंडळीतलं एक कुटुंब नाताळाला संभाजीनगरला येतंय, त्यांच्याबरोबर पाठवते.

तुमची,
ताई