परसबागेचं किट देता, मग बियाणं गावातलंच द्या ना

संपादक साहेब, नमस्कार,

परसबागेच्या बियाण्याचं किट वाटल्याचा फोटो परवा पेपरात बघितला म्हणून लिहितोय. मागल्या वर्षी आमच्या गावातही बचत गटाच्या बायकांना असं किट मिळालं. गिलकी (घोसाळी) भरपूर लागली, खोटं कशाला बोलू, गल्लीभर वाटली. मग आईने सवयीप्रमाणे एक गिलकं वेलावरच वाळू दिलं, बी राखेत घोळून डब्यात ठेवलं आणि यंदा लावलं, तर एका वेलाला लांब, दुसऱ्याला आखूड आणि तिसऱ्याला नुसता पाला. जुनं पाकीट शोधून बघितलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरात हायब्रीड एफ-१ लिहिलेलं, म्हणजे दोन वाणांचा संकर, त्याचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही.

आता दरवर्षी साहेब किट घेऊन येतील म्हणून वाट बघायची, नाहीतर दुकान आहेच. कापसाचं असंच झालं, २००२ ला बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं आलं आणि हळूहळू घरची सरकी पेरणं बंदच पडलं, पण ते नगदी पीक आहे, आमची दोन एकर त्यावरच चालते, म्हणून हायब्रीडला शिव्या नाही देत. पण मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या चार वेलांसाठी पण दुकान?

जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं म्हणून आपण छाती फुगवतो, मग किटमध्ये ते का नाही? वांग्याचं बी घरी धरायला सोपं, चांगल्या झाडावरचं एक फळ पिवळं पडू द्यायचं, पाण्यात कुस्करायचं, भरीव बी खाली बसतं, धुवून सावलीत वाळवायचं. गिलकं, गंगाफळ (लाल भोपळा) यांचं मात्र मधमाशा मिसळून टाकतात, त्यामुळे दोन जाती जवळ लावायच्या नाहीत. हे वाटपाच्या दिवशी कोणी सांगितलं नाही, फोटोसाठी कुठे उभं राहायचं ते बरोबर सांगितलं!

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ला पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपलं म्हणूनच ना. आमची आत्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आली की जाताना पदरात गंगाफळाचं बी बांधून न्यायची. मग बचत गटांनी आखाजीलाच बियाण्याची अदलाबदल ठेवली तर काय हरकत आहे, पावसाळी लागवड पुढेच असते, खर्च पण काही नाही.

आईकडे पोकळा, अंबाडी आणि वालाचं बी आहे, कोणाला पाहिजे असेल तर मूठमूठ देऊ. बदल्यात जुन्या गावरान गिलक्याचं बी द्या, किटच्या नादात आमचं संपलं.

एक शेतकरी वाचक, ता. अमळनेर