आनंदीबाईंचा कागद सांभाळणाऱ्यांस

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात आज काम करणाऱ्या आणि पूर्वी करून गेलेल्या सर्वांस,

स. न. वि. वि.

२८ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात प्रवेशासाठी तिथल्या आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले पत्र आज पुण्यात बसून पडद्यावर वाचता येते. त्याबद्दल मनापासून आभार.

प्रवेशाचा पत्रव्यवहार म्हणजे काम झाले की रद्दीत जाणारा कागद. त्यातून पत्र लिहिणारी १८८६ साली डॉक्टर होते आणि पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात जग सोडून जाते. १८५० साली केवळ स्त्रियांसाठी निघालेल्या त्या कॉलेजाचे नाव बदलले, १९७०च्या सुमारास तिथे मुलगे आले, मग संस्थाच दुसऱ्या विद्यापीठात गेली. अशा प्रत्येक हलवाहलवीत जुनी दप्तरे आधी बाहेर पडतात. तुमच्याकडची पडली नाहीत, हे आपोआप घडत नाही.

१० ऑक्टोबर १८८५चा तो फोटोही तसाच. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. फोटोखाली नावे आणि गावे लिहिलेली आहेत, म्हणून त्या तिघी ‘अनोळखी परदेशी विद्यार्थिनी’ राहिल्या नाहीत. आपल्याकडच्या ट्रंकांमध्ये असे किती फोटो निनावी पडले आहेत! नावे लिहायची ती फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते.

तुमच्या क्षेत्राने घालून दिलेली शिस्त इथल्या घरगुती पत्रांना लावताना तिचे मोल कळते. गठ्ठा ज्या क्रमाने मिळाला तो क्रम मोडायचा नाही, पाकीट फेकायचे नाही. आपल्या आज्या-पणज्या पत्रावर बहुधा ‘आषाढ शु. ५’ एवढेच घालत. साल सापडते ते पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात.

गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो. तिच्या दोन्ही बाजूंना पॉलिस्टरचा पातळ तुकडा सरकवायचा आणि टाचणी त्यावरून हळूच काढायची. फाटलेल्या पत्राला सेलोटेप नको. काही वर्षांत त्याचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सुटत नाही. जुन्या पत्रांतली लोहयुक्त काळी शाई ओलाव्याने कागद खात जाते, म्हणून डाग ओल्या फडक्याने पुसणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह. घड्या उलगडून पत्र सपाट, आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवावे. घडी कडक झाली असेल तर जोर न लावता जाणकाराकडे न्यावे.

मुंबई-कोकणातला खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. ५०च्या आत ठेवता आली तर उत्तम. खोके बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, जमिनीपासून चार इंच तरी वर असावे. डांबरगोळ्यांनी ओल कमी होत नाही, वाचणाऱ्याला त्रास मात्र होतो. कसर लागलेला गठ्ठा पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नये, नाहीतर गार कागदावर पाणी सुटते. फोटो मात्र यात घालू नयेत.

आठवणींच्या वस्तूंचा प्रश्न अधिक नाजूक. पत्रातले सुकलेले फूल शेजारच्या ओळी डागाळते, किडीलाही बोलावते. पण ते उचलण्याआधी कोणत्या दोन पानांत होते हे टिपून फोटो घ्यायलाच हवा. केसांची बट, खणाचा तुकडा वेगळ्या पाकिटात, पत्राच्याच क्रमांकाने. रेशीम आणि लोकर यांना क्षारयुक्त (आम्ल मारण्यासाठी अल्कली मिसळलेला) कागद सोसत नाही, साधा आम्लरहित टिश्यू चालतो. हळदीकुंकवाचा डाग धुऊन काढणे म्हणजे त्या बाईच्या हाताची खूण पुसणे, असे आम्ही मानतो.

एक विनंती. तुमच्या किंवा शेजारच्या कोणत्याही संग्रहात मराठी ओळी, मोडीतला मजकूर वाचायचा राहिला असेल, तर त्याचे स्कॅन पाठवा. निदान ६०० डीपीआय, पाठची बाजूही. मोडी वाचणारे इथे आहेत, आणि हे काम ते आनंदाने करतील.

आपले कृतज्ञ,
महाराष्ट्रातील काही ग्रंथपाल आणि दप्तर जपणारे