भिजलेल्या पुस्तकांचा निवाडा करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

भिजलेला ढीग पाहून तुम्ही आधी विचारलंत, "यातलं बाजारात पुन्हा काय मिळेल?" मिळेल ते बाजूला गेलं आणि हस्तलिखितं, नोंदवह्या, जुने अंक यांना हात मोकळे झाले. ग्रंथालयातल्या माणसाला हे जड जातं, पण त्याला इलाज नाही.

ओल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्या वेळात हातावेगळं होणार नाही ते मेणकागदात गुंडाळून, कणा खाली ठेवून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये. गोठवून पुस्तक बरं होत नाही, विचाराला सवड तेवढी मिळते, हे तुम्ही बजावलंत ते बरं केलंत.

खरी शिकवण पुढची. निखळलेला पुठ्ठा, उसवलेली शिवण पाहून आमचा धीर सुटत होता. ही नंतर होणारी दुरुस्ती म्हणून तुम्ही ती सोडून दिलीत आणि बाहेरून धड दिसणारे आर्ट पेपरचे अंक आधी मागितलेत. त्या कागदावरचा लेप पाण्याने चिकट होतो आणि वाळला की पानांची वीट होते, मग सुरी घातली तरी छपाईच सोलून येते. ओले असताना पान सुटलं तर सुटलं, नाहीतर तसंच फ्रीझरमध्ये.

हाताने लिहिलेल्या पानावर टिपकागद अलगद दाबायचा. शाई उमटली तर त्या पानाला आणखी पाणी लावायचं नाही. साध्या पुस्तकात साधारण २० पानांआड टिपकागद, पण सगळे मिळून पुस्तकाच्या जाडीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नकोत, नाहीतर कणा ताणून फाटतो. ओले झाले की बदलायचे. पंखा खोलीत फिरता, पानांवर रोखलेला नाही. ऊन तर नकोच (हा मोह कुणाला होत नाही!).

बोट लागताच फासणारी बुरशी पुसली तर कागदात आणखी मुरते. ती वाळून भुकटी झाल्यावरच, उघड्यावर, मऊ ब्रशने झाडायची.

वाळल्यावर कोपरा दुमडताच तुटला, तर पुन्हा बांधणी करायची नाही. स्कॅन करून आम्लरहित खोक्यात सपाट ठेवायचं. मजकूर बचावला, पुस्तक नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत आणि पुढचा खर्च टळला.

बुरशीच्या गठ्ठ्यासाठी आणलेल्या मास्कबद्दल वेगळे आभार.

आपले,
ग्रंथालयाचे कार्यकर्ते